कर्ण दहा, उंची सहा

दहावीच्या गणिताचं एक गाईड बाजारात आहे. पिवळं मुखपृष्ठ, त्यावर लाल अक्षरं आणि तळाशी बारीक टायपात "लेखन : अनुभवी शिक्षकवृंद". हा वृंद म्हणजे मी. दुसरं कोणी नाही.

सकाळी सात ते साडेदहा मी डोंबिवली पूर्वेला एका क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवतो. दुपारी ठाण्याला जातो. तिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचं प्रकाशन आहे. पुढच्या खोलीत मालक आणि पुस्तकांचे गठ्ठे, मागच्या खोलीत मी आणि डीटीपी करणाऱ्या एक बाई. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सोडवून झाली की प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी "सरावासाठी अधिक उदाहरणे" मला मनाने तयार करावी लागतात. ती तपासणारं कोणी नसतं. मालकांचं म्हणणं असं, की पालक दुकानात गाईड उघडून वाचत नाहीत, हातावर तोलून बघतात. त्यामुळे अधिक उदाहरणं जितकी अधिक तितकी बरी.

मी ती फार वेगाने करायचो. एका दुपारी चाळीस. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एके दिवशी मालकांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं आणि एक आंतरदेशीय पत्र पुढे केलं. असं पत्र अजून मिळतं हेच मला माहीत नव्हतं. आत सुवाच्य अक्षरात चारच ओळी होत्या. "पान ८२, उदाहरण ६. आई व मुलगा यांच्या वयांची बेरीज ५० आहे. पाच वर्षांपूर्वी आईचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट होते. आपण उत्तर दिले आहे, आई १५ वर्षे व मुलगा ३५ वर्षे. कृपया एकदा बघून घ्यावे."

मी गाईड उघडून बघितलं. समीकरणं बरोबर होती, सोडवलीही बरोबर होती, फक्त शेवटच्या ओळीत x आणि y ची अदलाबदल झाली होती. मुलगा आईपेक्षा वीस वर्षांनी मोठा होऊन बसला होता.

"टायपिंगची चूक," मी म्हणालो. मागच्या खोलीतून डीटीपीवाल्या बाईंनी की-बोर्ड जरा जोरात आपटला.

दहा दिवसांनी दुसरं पत्र आलं. "पान १०९, उदाहरण १४. एक नळ टाकी चार तासांत भरतो. दुसरा नळ तीच टाकी सहा तासांत भरतो. दोन्ही नळ एकदम सोडल्यास आपल्या उत्तराप्रमाणे पाच तास लागतात. म्हणजे दुसरा नळ सोडल्यावर टाकी एक तास उशिरा भरते. दुसरा नळ पाणी पितो काय, ते कळवावे."

ही चूक टायपिंगची नव्हती. चार आणि सहा मिळवून दोनाने भागण्याचं काम माझंच होतं. चाळीसाव्या उदाहरणापर्यंत पोचेस्तोवर माणसाचं काय होतं ते यावरून कळावं. मालकांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचं शिक्षण कॉमर्सचं, पण नळ त्यांना कळत होता.

"सर, हे तर मलापण जमलं असतं," ते म्हणाले.

तिसरं पत्र आलं तेव्हा मात्र मी खूश झालो. त्यात चूक पत्र लिहिणाऱ्याची होती. "पान १४१, उदाहरण ९. काटकोन त्रिकोणाचा कर्ण १० सेमी आहे व कर्णावर टाकलेला लंब ६ सेमी आहे, तर क्षेत्रफळ काढा. उत्तर ३० चौसेमी दिले आहे. असा त्रिकोण निघत नाही. मी अकरा वेळा काढला."

"हे बघा," मी मालकांना म्हणालो. "पाया गुणिले उंची, भागिले दोन. दहा सक साठ, साठाचे निम्मे तीस. सहावीतला पोरगा सांगेल. या गृहस्थांना पट्टी धरता येत नाही, त्याला आपण काय करणार?"

मालकांनाही बरं वाटलं. पण त्याच आठवड्यात मानपाडा रोडवरच्या एका पुस्तकवाल्याने आमच्या गाईडच्या वीस प्रती परत पाठवल्या. फोन केल्यावर तो म्हणाला, एक कस्टमर येतं आणि जो कोणी तुमचं गाईड घेईल त्याला तिथल्या तिथे पान उघडून चूक दाखवतं. मी कोणाकोणाला सांगू.

पत्रांच्या मागे पाठवणाऱ्याचं आडनाव आणि मानपाड्याचा पत्ता होता. मालकांनी मला मिठाईचा एक पुडा दिला. "रविवारी जाऊन या. मोठ्या माणसाचा मान ठेवा, चहा प्या, आणि तो त्रिकोण त्यांना नीट समजावून सांगा. म्हणजे बाकीचंही जरा दबेल."

माझ्या डोळ्यांपुढे एक रिटायर हेडमास्तर होते. पांढरा लेंगा, कपाळाला आठ्या, हातात लाल पेन. रविवारी चार वाजता मी स्कूटर काढून गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं दार कॉलेजातल्या एका मुलीने उघडलं. मी प्रकाशनाचं नाव सांगितलं तशी तिने आत वळून हाक मारली, "आजी, गाईडवाले आलेत." मग मला हळूच म्हणाली, "काका, प्लीज काहीतरी करा. घरात दुसरा विषयच नाही."

आत चटईवर पासष्टीच्या एक बाई बसल्या होत्या. चष्म्याला दोरी, समोर लाकडी फळी, फळीवर कंपासपेटी आणि आमचं गाईड. शोकेसमध्ये बुद्धाची पांढरी मूर्ती होती आणि तिच्या शेजारी वह्यांचा ढीग. त्यांनी मला बसायला सांगितलं, पंखा लावायला लावला आणि माझ्या मागे दाराकडे बघितलं.

"बाकीचे नाही आले?"

"बाकीचे कोण?"

"वृंद."

"ते कामात आहेत," मी म्हणालो.

चहा येईपर्यंत त्यांनी आपली हकीकत सांगितली. शाळा सातवीपर्यंत, तीही साताऱ्याकडच्या गावात. लग्न होऊन डोंबिवलीला आल्या. मग इथल्याच एका केमिकल कंपनीत बावीस वर्षं पिंपांचं वजन करायच्या कामावर. नात दहावीला असताना ती म्हणायची, आजी, गाईडमध्ये आहे म्हणजे बरोबरच असतं.

"मी म्हटलं, असं कसं," त्या म्हणाल्या. "पिंपावर पंचवीस किलो लिहिलंय म्हणून आत पंचवीस असतंय का? काट्यावर चढवायचं, मग सही करायची. मला ते तुमचं एक्सबिक्स येत नाही. पण ताळा येतो. चौथीत आमच्या गुरुजींनी शिकवलेला. उत्तर घ्यायचं आणि परत उदाहरणात घालून बघायचं. बसलं तर बरोबर, नाही बसलं तर नाही."

नात दहावी पास होऊन कॉमर्सला गेली. आजीबाई गाईडमध्येच राहिल्या. वयांची, नळांची, गाड्यांची, होड्यांची सगळी शाब्दिक उदाहरणं त्यांनी ताळा करून तपासली होती. भूमितीची पट्टी-कंपास घेऊन मोजून काढली होती. एका वहीत चुकांची यादी होती. पान, उदाहरण, काय दिलंय, काय हवं. मी ती चाळली आणि माझ्या हातातला बिस्किटाचा तुकडा चहात पडला. चुका त्रेचाळीस होत्या.

"मावशी, यातल्या काही छपाईच्या असतील," मी म्हणालो.

"असतील. तुमच्या कुठल्या आणि छपाईच्या कुठल्या ते तुम्ही खूण करा."

मी विषय त्रिकोणावर आणला. आवाज मोठा न करता, पाचवीच्या मुलाला सांगावं तसं मी त्यांना पाया, उंची आणि क्षेत्रफळ सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फळी माझ्यापुढे सरकवली, कागद ठेवला, पेन्सिल दिली.

"बरोबर आहे सर. आता काढा."

मी दहा सेंटिमीटरची रेघ मारली. हा कर्ण. त्याच्यापासून सहा सेंटिमीटर वर त्याला समांतर दुसरी रेघ मारली. काटकोनाचं टोक या वरच्या रेघेवर कुठेतरी असणार. मी एक बिंदू घेतला, दोन्ही बाजू जोडल्या, कोनमापक लावलं. अडुसष्ट अंश. बिंदू जरा मध्यावर सरकवला. शहात्तर. अगदी मधोमध आणला. ऐंशीला जरा कमी. मधल्या बिंदूच्या पलीकडे सरकवला तर पुन्हा अठ्ठ्याहत्तर.

"कोनमापक जुनं दिसतंय," मी म्हणालो.

त्यांनी नातीला हाक मारली. नातीने कपाटातून दुसरं कोनमापक आणून दिलं, नवं, पारदर्शक. त्यावरही ऐंशीला जरा कमी.

"ऐंशीच्या वर जात नाही," आजीबाई शांतपणे म्हणाल्या. "मी रेघेवर सगळीकडे फिरवून बघितलं. नव्वदचा कोन पाहिजे ना? तो बसतच नाही. तुमच्या क्षेत्रफळाचं गणित बरोबर असेल, पण क्षेत्रफळ कशाचं काढलं?"

मी म्हणालो, मी घरी जाऊन बघतो. त्या म्हणाल्या, बघा, आणि मिठाई आणलीत ती चांगली आहे.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर मी पुन्हा त्रिकोण काढायला घेतला. बायकोने दोनदा ताट आणून ठेवलं आणि दोनदा मी ते बाजूला केलं. शेवटी तिने विचारलं काय चाललंय, तर मी म्हणालो, दहाचा कर्ण आणि सहाची उंची. ती बँकेत नोकरी करते, गणिताशी तिचा दहावीनंतर संबंध नाही. तिने कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "उंची जास्त वाटत्ये. पाच कर."

पाच केली. कोन बरोबर नव्वद आला.

आणि मग मला आठवलं. काटकोन त्रिकोणात कर्णावर काढलेली मध्यगा कर्णाच्या निम्मी असते. नववीच्या पुस्तकात आहे. सोळा वर्षं मी तो गुणधर्म मुलांना पाठ करायला लावतोय. कर्ण दहा, तर काटकोनाच्या टोकापासून कर्णाच्या मध्यापर्यंतचं अंतर पाच. आणि त्या टोकापासून कर्णापर्यंतचं सगळ्यात कमी अंतर म्हणजे लंब. सगळ्यात कमी अंतर सहा आणि दुसरं एक अंतर पाच, असं कसं होईल? दुसऱ्या नळाच्याच जातीचं हे उदाहरण होतं. फक्त यात पाणी दिसत नव्हतं.

जेवण गार झालं होतं. मी तसंच जेवलो.

पुढच्या रविवारी मी पुन्हा मानपाड्याला गेलो, या वेळी मिठाईशिवाय. मध्यगेची सिद्धता एका कागदावर स्वच्छ लिहून नेलेली. चूक माझी होती हे कबूल करायचं आणि कारण मात्र आपण सांगायचं, एवढी अब्रू शिल्लक ठेवायचा माझा बेत होता.

आजीबाईंनी माझा कागद घेतला, चष्मा लावून बघितला आणि खाली ठेवला.

"हे असेल. मला मध्यगाबिध्यगा कळत नाही. मी दुसरं बघितलं, तुम्हाला दाखवते."

फळीवर त्यांनी दोन टाचण्या ठोकल्या होत्या, एकमेकींपासून दहा सेंटिमीटरवर. कंपासपेटीतला गुण्या, ज्याचा एक कोपरा काटकोनाचा असतो, तो घेऊन त्यांनी दोन्ही टाचण्यांना त्याच्या दोन कडा टेकवल्या. कोपऱ्याशी पेन्सिल धरली. मग कडा टाचण्यांना टेकलेल्याच ठेवून गुण्या हळूहळू सरकवत नेला. पेन्सिलीने कागदावर एक रेघ उमटत गेली. एका टाचणीपासून निघाली, चढली, मधोमध पोचली, उतरली आणि दुसऱ्या टाचणीला मिळाली. अर्धं वर्तुळ.

"काटकोन ह्याच्यावरच फिरतो," त्या म्हणाल्या. "ह्याच्या बाहेर जात नाही. आणि ह्याची उंची मधोमध पाच. मग सहा कुठून आणायचे?"

ते अर्धवर्तुळ माझ्या ओळखीचं होतं. सोळा वर्षांत मी हे फळ्यावर शेकडो वेळा काढलं होतं, पण गुण्या सरकवत कधी काढलं नव्हतं.

"मावशी, हे प्रमेय आहे," मी म्हणालो. "अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो."

"म्हणजे आधीच कोणी शोधलंय?"

"हो."

"कधी?"

"फार जुनं आहे. दोन-अडीच हजार वर्षं झाली असतील."

त्यांचा चेहरा जरा पडला. टाचण्या काढत त्यांनी विचारलं, "मग तुमच्या गाईडमध्ये का नाही घातलं?"

मी पुस्तक उघडलं. वर्तुळाच्या प्रकरणात, पान १५८ वर, चौकटीत होतं. सिद्धतेसकट. मीच लिहिलेलं.

"वृंदातल्या दुसऱ्या कोणी लिहिलं असेल," आजीबाई म्हणाल्या. "एकमेकांचं वाचत नसतील."

आता खोटं पुढे रेटण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं, की मावशी, वृंदबिंद कोणी नाही, मी एकटाच आहे. मला वाटलं रागावतील.

"एवढं सगळं एकट्याने लिहिलं?" त्या म्हणाल्या. "मग त्रेचाळीस काही फार नाहीत."

त्या दिवसापासून मी दर रविवारी जायला लागलो. मालकांना सांगितलं, नवी आवृत्ती काढण्याआधी सगळं तपासून घेतो. मालकांनी विचारलं, त्या गृहस्थांची समजूत पटली का. मी म्हणालो, पटली, पण माझी.

त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस चुका निर्विवाद होत्या. नळाचं उदाहरण मी x घेऊन सोडवून दाखवायला लागलो तेव्हा आजीबाई म्हणाल्या, "जे माहीतच नाही त्याला आधी नाव कशाला ठेवायचं? टाकीत बारा पिंपं पाणी मावतं असं धरा. पहिला नळ चार तासांत बारा, म्हणजे तासाला तीन पिंपं. दुसरा सहा तासांत बारा, म्हणजे तासाला दोन. दोघं मिळून पाच. बाराला पाचाने भागा." दोन तास चोवीस मिनिटं. मी समीकरण मांडून चौथ्या ओळीवर होतो तोवर त्यांचं उत्तर लिहून झालं होतं.

"पण टाकी बारा पिंपांची नसली तर?" मी म्हणालो.

"मग तुमचा तरी एक्स कुठे खरा असतो?"

ती पद्धत मी "पर्यायी रीत" म्हणून गाईडमध्ये घातली.

खरा वाद झाला तो संभाव्यतेवरून. पान १९०, उदाहरण ३. दोन फासे एकदम टाकले असता बेरीज सात येण्याची संभाव्यता काढा. उत्तर ६/३६, म्हणजे एक षष्ठांश. हे मी बरोबर दिलं होतं आणि आजीबाईंनी त्यावर फुली मारली होती. फुलीशेजारी लिहिलं होतं, "७१".

"काय आहे हे एकाहत्तर?"

"तीनशे साठ वेळा टाकले," त्या म्हणाल्या. "ल्युडोचे फासे. तुमच्या हिशेबाने साठ वेळा सात यायला पाहिजे. आले एकाहत्तर वेळा."

मी त्यांना सांगितलं, संभाव्यता म्हणजे वायदा नव्हे. साठच्या आसपास येईल, नेमकं साठ येईलच असं नाही.

"आसपास म्हणजे किती? पंचवीस किलोच्या पिंपात तीस किलो भरले तर त्याला आसपास म्हणत नाहीत, मेमो देतात."

"मावशी, फाशाला मेमो देता येत नाही."

"मग एक षष्ठांश असं ठासून कशाला लिहायचं? साधारण एक षष्ठांश लिहा."

मी हट्टाला पेटलो. सबंध यादीत माझ्या बाजूने ठाम उभं राहील असं हे एकच उदाहरण होतं. मी म्हणालो, पुन्हा टाकू. आता, इथेच, तीनशे साठ. आजीबाई लगेच तयार. नातीला खुणा करायला बसवलं. तिचा त्या दिवशी मैत्रिणींबरोबर ठाकुर्लीला जायचा बेत होता. तो रद्द झाल्याचं तिने फोनवर ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मी विसरणार नाही.

स्टीलच्या ताटात टाकले तर खालच्या मजल्यावर आवाज जातो म्हणून चटईवर टाकायचं ठरलं. मी टाकत होतो, आजीबाई बेरीज सांगत होत्या, नात सातासाठी काड्या मारत होती. पहिल्या शंभरात सात फक्त अकरा वेळा आले. आजीबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मनात मी चक्क सातसाठी विनवण्या करायला लागलो होतो, आणि आदल्याच दिवशी क्लासमध्ये मी मुलांना बजावलं होतं, की फाशाला आठवण नसते. दोनशेनंतर सात जरा यायला लागले. दीड तास लागला. शेवटी काड्या मोजल्या. चोपन्न.

"बघा," आजीबाई म्हणाल्या. "परत साठ नाही."

नातीने हातातलं पेन बंद केलं. "आजी, आधीचे एकाहत्तर आणि आताचे चोपन्न, एकशे पंचवीस झाले. सातशेवीसमध्ये एकशे वीस पाहिजेत. पाचच जास्त. आधी तीनशे साठमध्ये अकरा जास्त होते. आता जवळ आलं ना? संपवा."

आजीबाईंनी बोटांवर हिशेब केला.

"जास्त वेळा टाकले की जवळ येतं?"

"हो," मी म्हणालो. "मला तेच सांगायचं होतं."

"मग तसं सांगायचं ना सर. तुम्ही नुसता अपूर्णांक सांगत होतात." त्यांनी वहीतली फुली खोडरबराने खोडली आणि नातीकडे वळून म्हणाल्या, "कॉमर्सला जाऊन फुकट नाही गेलीस."

नवी आवृत्ती पुढच्या जूनच्या आधी निघाली. त्रिकोणाचं उदाहरण काढून टाकायला माझं मन होईना. मी प्रश्न बदलला. कर्ण १० सेमी, त्यावरचा लंब ६ सेमी, असा काटकोन त्रिकोण काढता येईल का? सकारण लिहा. मालकांनी विचारलं, उत्तर "नाही" असलेलं उदाहरण पालकांना चालेल का. मी म्हणालो, जाडी तेवढीच राहते. मानपाड्याच्या पुस्तकवाल्याकडे वीस प्रती परत गेल्या. मी स्वतः स्कूटरवरून नेल्या. तो म्हणाला, ती कस्टमर आता उलटं करते, लोकांना जुनी आवृत्ती घेऊ देत नाही.

क्लास सुरू झाल्यावर मी हाच त्रिकोण जुन्या रूपात मुलांना घातला. कर्ण दहा, लंब सहा, क्षेत्रफळ काढा. दहा सेकंदांत सगळा वर्ग तीस म्हणाला. ही गंमत मी आजीबाईंना फोनवर सांगितली तर त्यांना पटेना.

"सगळे? एकाने पण काढून नाही बघितला?"

"एकानेही नाही."

"मी येते," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी त्या रिक्षाने आल्या, पिशवीत फळी, टाचण्या आणि गुण्या घेऊन. वर्गात चाळीस मुलं होती. ही कोण आणि कशाला आली ते त्यांना कळेना. मी ओळख करून दिली, की या गाईड तपासतात. तशी मुलं एकदम ताठ बसली. पेपर तपासणारं आणि गाईड तपासणारं यांत त्यांनी फारसा फरक केला नाही.

आजीबाईंनी खुर्ची नाकारली. प्रत्येकाला त्रिकोण काढायला लावला आणि बाकांमधून फिरत राहिल्या. "वरची रेघ तिरपी मारलीस." "टोक कर की पेन्सिलीला." "ऐंशी? मला पण तेवढाच आला होता." दहा-बारा मिनिटांत वर्गात कुजबूज सुरू झाली. कोणाचाच कोन नव्वद होत नव्हता. दोघातिघांनी कोनमापकाला दोष दिला. मी खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांनी फळी टेबलावर उभी धरून गुण्या सरकवून दाखवला. मागच्या बाकांवरचे उठून पुढे आले.

पहिल्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "आजी, हे परीक्षेला येतं का?"

आजीबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

"नाही येत," त्या म्हणाल्या.

चाळीसातल्या निदान तिसांनी पेन्सिली खाली ठेवल्या. आजीबाई मुळीच बिचकल्या नाहीत. "मग तर बरंच आहे," त्या म्हणाल्या. "चुकलं तर मार्क जायचे नाहीत. काढा परत." आणि का कोण जाणे, मुलांनी पेन्सिली पुन्हा उचलल्या.

खिडकीजवळ बसलेली एक मुलगी मात्र काढत नव्हती. ती वहीकडे बघत विचार करत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण त्रिकोणच नाहीये, तर आपण सगळ्यांनी तीस काढलं ते क्षेत्रफळ कशाचं?"

आजीबाईंनी टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या.

"ते मी पण विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "सर घरी जाऊन बघतो म्हणाले होते."

चाळीस डोकी माझ्याकडे वळली. दाराबाहेर पुढच्या बॅचच्या चपलांचा आवाज यायला लागला होता. मी घड्याळात बघितलं, चार मिनिटं बाकी होती. मी खडू घेतला, फळा पुसला आणि अगदी पहिल्यापासून, दहा सेंटिमीटरची रेघ मारण्यापासून, सुरुवात केली.